एक वर्ग, अनेक पातळ्या

कायदा : शिक्षण हक्क कायदा २००९, अंमल १ एप्रिल २०१०. कलम २४ : प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता जोखून गरजेप्रमाणे जादा शिकवणे, हे शिक्षकाचे कर्तव्य.

नवा शिक्षक : दोन वर्षांचे डी.एल.एड. (जुने डी.एड.), शिक्षक पात्रता परीक्षा (टीईटी), जिल्हा परिषदेत पहिली तीन वर्षे शिक्षणसेवक.

भाषा : कारंजा तालुक्यात गावात वऱ्हाडी, बंजारा तांड्यावर गोरबोली, शहरात उर्दूही. तांड्यावरचे मूल आईला 'याडी' म्हणते, भाकरीला 'बाटी'. म्हणून पहिलीत आधी चित्र, मग घरचा शब्द, शेवटी पुस्तकातला.

वाचनाचे टप्पे : अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. गट इयत्तेवर नव्हे, टप्प्यावर. चौथीतले मूल शब्दावर अडले असेल, तर वाचनाच्या तासाला त्याच्या हाती शब्दपट्ट्या. शेजारचा गोष्ट वाचतो. दोनशिक्षकी शाळेत एका खोलीत दोन-तीन इयत्ता असतातच, त्यामुळे ही विभागणी तशी अंगवळणी पडलेली.

गल्लत नको : अभ्यासात मागे पडणे वेगळे, अध्ययन अक्षमता वेगळी. शिक्षक लक्षणे टिपतो, निदान तज्ज्ञांचे. १९९५ च्या दिव्यांग कायद्यात ७ प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात २१. अध्ययन अक्षमता त्यात नव्याने आली.

निपुण भारत : पायाभूत वाचन-गणनाची केंद्राची मोहीम, सुरुवात जुलै २०२१. तिसरीअखेर वाचन, लेखन, अंकज्ञान. मुदत २०२६-२७.