रात्रपाळी : मुंबई ते न्यूयॉर्क

मे 2025, तिसरा आठवडा.

सायंकाळी 7.30. भिंतीवर दोन घड्याळं. त्यातलं ‘झुलू’ म्हणजे ग्रिनिचचं, आमचं खरं. त्यावर दुपारचे दोन. मी डिस्पॅचर, विमानं उडवत नाही, त्यांची वाट आखते.

8.10. काकूंचा फोन. नात आजच्याच विमानानं निघालीय. “अगं, मोबाइल साडेबारा हजार किलोमीटर सांगतो. ताशी नऊशेनं चौदा तास झाले. तिकिटावर सोळा कसे?” काकू गणित शिकवायच्या, त्यामुळे थातुरमातुर उत्तर चालत नाही.

माझ्या टेबलावर पृथ्वीचा गोल आहे, नि एक दोरा. मुंबईवर बोट ठेवून तो न्यूयॉर्कपर्यंत ताणला की तुर्कमेनिस्तान, रशिया, फिनलंड, आइसलंड करत ग्रीनलंडच्या टोकाखालून जातो. साडेबारा हजार भरतो तो हाच दोरा. पण वाटेतला पहिलाच परका मुलूख पाकिस्तान, आणि ते आकाश आपल्या विमानांना गेल्या महिन्यापासून बंद. म्हणून आधी समुद्रावरून ओमानकडे. वळसा इथूनच सुरू.

9.30. वारे. आम्ही अंतर मोजतो ते जमिनीवरचं नव्हे, हवेतलं. समोरून ताशी शंभराचा वारा असेल तर नऊशेचं विमान जमिनीवर आठशेच कापतं. जाताना वारा तोंडावर, येताना पाठीवर. म्हणून परतीचे दोन तास वाचतात. चार वाटा काढल्या. सगळ्यांत आखूड वाट सगळ्यांत महाग निघाली.

10.45. तेल. तासाला साडेसात-आठ टन. शिवाय न्यूयॉर्क बंद पडलं तर दुसऱ्या विमानतळापर्यंतचं, वर अर्धा तास घिरट्या घालण्याइतकं. ‘थोडं जास्तच घ्या’ म्हणणं सोपं; पण इतक्या लांब जादा नेलेल्या टनातला निदान तिसरा हिस्सा तो वाहून नेण्यातच जळतो. उकाडाही नडतो. हवा विरळ, म्हणून उड्डाणाचं वजन कमी. हिशेब दोन टनांनी फसला.

11.20. कार्गोला फोन. “काय उतरवू?” “आंबा.” पलीकडे शांतता. वाशीला विकिरण करून आलेला हापूस उद्याच्या विमानात. माणूस शिव्या देत नाही, नुसता “बरं” म्हणतो. ते जास्त लागतं.

12.15. कॅप्टन आले. कागद उलटताना बोट वाटेवरच्या वादळी ढगांच्या पट्ट्यावर थांबलं. “इथं अजून टनभर द्या.” दिलं. आणखी पेट्या खाली. सही झाली.

2.05. चाकं सुटली.

4.00. विमान पडद्यावरचा ठिपका. चहा.

6.00. पाळी संपली. काकूंना लिहिलं : तिकडे सकाळचे साडेआठ होतील, आपल्याकडे संध्याकाळचे सहा. लगेच उत्तर : “म्हणजे दोन तास वाऱ्यानं खाल्ले?”

थोडे वाऱ्यानं, थोडे वळशानं. घरी जाऊन पडदे ओढते. अलार्म सहाचा लावलाय. संध्याकाळच्या.