उशिरा मिळालेला न्याय आणि त्याचा हिशेब

बालपणी आपल्यावर झालेला लैंगिक अत्याचार दुसऱ्या कोणास सांगण्यास माणसाला किती काळ लागावा? ऑस्ट्रेलियातील रॉयल कमिशनने हजारो पीडितांचे म्हणणे ऐकून घेतल्यानंतर या प्रश्नाचे जे सरासरी उत्तर काढले, ते २३.९ वर्षे असे होते. दहाव्या वर्षी ज्या बालकावर आघात झाला, ते साधारणतः चौतिसाव्या वर्षी त्याविषयी प्रथम बोलते. तोवर वसतिगृहाचे अधीक्षक बदललेले असतात, जुने दप्तर गहाळ झालेले असते, अपराधी कित्येकदा हयातही नसतो आणि दावा दाखल करण्याची कायदेशीर मुदत उलटून गेलेली असते. अशा व्यक्तीला न्याय द्यायचा म्हणजे नेमके काय द्यायचे, किती द्यायचे आणि ते कोणाच्या तिजोरीतून द्यायचे, या प्रश्नांना ऑस्ट्रेलियाने दिलेली उत्तरे मुलांना आपल्या छत्राखाली ठेवणाऱ्या प्रत्येक संस्थेने अभ्यासावी अशी आहेत.

आयोगाने काय ऐकले

अनाथालये, निवासी शाळा, धर्मसंस्था आणि क्रीडामंडळे यांत झालेल्या अत्याचारांच्या तक्रारी त्या देशात अनेक दशके येत होत्या. अखेरीस नोव्हेंबर २०१२ मध्ये तत्कालीन पंतप्रधान ज्युलिया गिलार्ड यांनी आयोगाची घोषणा केली आणि जानेवारी २०१३ मध्ये न्यायमूर्ती पीटर मॅक्लेलन यांच्या अध्यक्षतेखाली सहा सदस्यांचा आयोग स्थापन झाला. त्याचे काम पाच वर्षे चालले. ५७ प्रकरणांची जाहीर सुनावणी झाली आणि १५ डिसेंबर २०१७ रोजी १७ खंडांचा अंतिम अहवाल सादर करण्यात आला.

या आयोगाचे वैशिष्ट्य म्हणजे त्याने घेतलेल्या खासगी बैठका. जाहीर सुनावणीत उलटतपासणीला सामोरे जाण्याचे धैर्य प्रत्येकाजवळ नसते, हे ओळखून त्यासाठी कायद्यात मुद्दाम दुरुस्ती करण्यात आली. पीडिताने यावे, आयोगाच्या एखाद्या सदस्यासमोर बसावे आणि आपली हकीकत आपल्या शब्दांत सांगावी. त्याला शपथ नाही, उलटतपासणी नाही. अशा आठ हजारांहून अधिक बैठका झाल्या. त्यांत आलेल्यांपैकी साठ टक्क्यांहून अधिक पुरुष होते, आणि निम्म्याहून अधिक लोकांवरील अत्याचार धार्मिक संस्थांच्या आश्रयाखाली घडले होते. अत्याचाराचा विषय म्हणजे केवळ मुलींचा विषय, आणि पवित्र वास्तूत असे घडणे अशक्य, हे दोन्ही समज त्या आकड्यांपुढे टिकले नाहीत. अनेकांना त्यांच्या आयुष्यात शासनाच्या वतीने कोणीतरी पहिल्यांदाच पूर्ण ऐकून घेतले होते.

न्यायालयाची वाट का बंद होती

पीडिताने सरळ न्यायालयात जावे, असे कोणासही वाटेल. परंतु तेथे दोन भिंती उभ्या होत्या. पहिली मुदतीची. सज्ञान झाल्यावर काही वर्षांतच दाव्याचा अधिकार संपत असे, आणि बोलण्यास तर त्याहून कितीतरी अधिक वर्षे लागत. व्हिक्टोरिया राज्याने २०१५ मध्ये व न्यू साउथ वेल्सने २०१६ मध्ये बालअत्याचाराच्या दाव्यांवरील ही मुदत रद्द केली आणि पुढे इतर राज्यांनीही तोच मार्ग धरला.

दुसरी भिंत संस्थेच्या रचनेची होती आणि विश्वस्तपदाची जबाबदारी सांभाळणाऱ्यांनी ती विशेष लक्षपूर्वक समजून घ्यावी. २००७ मध्ये न्यू साउथ वेल्सच्या अपील न्यायालयाने असा निर्णय दिला की, संबंधित चर्च ही नोंदणीकृत कायदेशीर व्यक्ती नसल्यामुळे तिच्यावर दावा चालू शकत नाही; आणि ज्या विश्वस्त मंडळाच्या नावे मालमत्ता आहे, ते मंडळ धर्मगुरूच्या कृत्याला जबाबदार नाही. म्हणजे जिच्यावर दावा करावा तिला कायद्यात अस्तित्व नाही आणि जिच्याकडे पैसा आहे तिची जबाबदारी नाही. मालमत्ता सुरक्षित राहिली, परंतु मूल सुरक्षित राहिले नाही. व्हिक्टोरियाने २०१८ मध्ये कायदा करून ही पळवाट बंद केली आणि न्यू साउथ वेल्सनेही त्याच वर्षी तसा कायदा संमत केला.

मुदत उठली तरी जुन्या घटनेचा न्यायालयीन पुरावा उभा करणे बहुतेकांच्या आवाक्याबाहेरचे होते. म्हणून न्यायालयाला समांतर अशी क्षतिपूर्ती योजना असावी, असे आयोगाने २०१५ च्या आपल्या स्वतंत्र अहवालात सुचविले. त्यानुसार १ जुलै २०१८ रोजी राष्ट्रीय क्षतिपूर्ती योजना सुरू झाली. २२ ऑक्टोबर २०१८ रोजी पंतप्रधान स्कॉट मॉरिसन यांनी संसदेत राष्ट्राच्या वतीने पीडितांची क्षमा मागितली.

योजनेचे तीन भाग

पहिला भाग रोख रकमेचा. तिची कमाल मर्यादा दीड लाख ऑस्ट्रेलियन डॉलर आहे. दुसरा भाग समुपदेशन व मानसोपचाराचा. तिसरा भाग प्रत्यक्ष क्षमायाचनेचा. पीडिताची इच्छा असेल तर संस्थेच्या वरिष्ठ अधिकाऱ्याने त्याच्यासमोर येऊन ऐकावे, चूक मान्य करावी आणि पुढे असे घडू नये म्हणून काय केले ते सांगावे. या तिसऱ्या भागाचा लाभ तुलनेने थोड्यांनी घेतला. ज्या दारातून एकदा अंतःकरण भाजून बाहेर पडावे लागले, त्या दाराशी पुन्हा जाणे सर्वांना कसे जमावे?

पुराव्याची कसोटी येथे सौम्य ठेवली आहे. दिवाणी न्यायालयात घटना घडल्याची शक्यता न घडल्याच्या शक्यतेहून अधिक आहे, हे दाखवावे लागते. या योजनेत घटना घडली असण्याची वाजवी शक्यता दिसली तरी पुरते. साक्षीदार हवाच असे नाही.

खर्चाची व्यवस्थाही विचारपूर्वक केलेली आहे. सरकार पीडिताला आधी रक्कम देते आणि नंतर ती प्रशासकीय खर्चासह जबाबदार संस्थेकडून वसूल करते. संस्थेकडून पैसे कधी येतील, याची चिंता पीडिताने करावयाची नाही. ही रक्कम उत्पन्न मानली जात नाही, म्हणून तिच्यावर आयकर नाही. मात्र संस्थेने योजनेत सामील होणे ऐच्छिक होते. काही संस्थांनी दीर्घकाळ टाळाटाळ केली, तेव्हा सरकारने २०२० मध्ये त्यांची नावे प्रसिद्ध केली आणि धर्मादाय म्हणून मिळणाऱ्या करसवलती काढून घेण्याचा इशारा दिला. मग अनेकांनी संमती कळविली.

हिशेबातील वजावटी

एवढी काळजी घेऊनही या योजनेत उणिवा राहिल्या आणि त्या आकडेवारीत दडलेल्या असल्यामुळे सहज लक्षात येत नाहीत.

आयोगाने कमाल रक्कम दोन लाख डॉलर सुचविली होती; प्रत्यक्षात ती दीड लाख झाली. आयोगाने किमान दहा हजारांची शिफारस केली होती. ती किमान मर्यादा कायद्यात आलीच नाही. मूल्यमापनासाठी आयोगाने शंभर गुणांची पद्धत सुचविली होती. तिच्यात अत्याचाराच्या तीव्रतेला ४०, त्याच्या आयुष्यावरील परिणामाला ४० आणि अन्य बाबींना २० गुण होते. सरकारने स्वीकारलेल्या कोष्टकात मात्र परिणामासाठीचा भाग कमाल २० हजार डॉलरचा, तोही सर्वांत गंभीर प्रकारात. एखाद्या मुलाला केवळ स्पर्शाच्या अत्याचाराने आयुष्यभराचे नैराश्य आले असेल, तरी कोष्टक त्याची किंमत कृत्याच्या प्रकारावरूनच ठरवते.

पूर्वी मिळालेल्या रकमेच्या वजावटीचा नियम तर अनेकांच्या मनाला लागला. एखाद्या संस्थेने पूर्वी काही रक्कम देऊन प्रकरण मिटविले असेल, तर ती रक्कम दरसाल १.९ टक्के चक्रवाढीने वाढवून नव्या रकमेतून वजा करण्यात येते. समजा, वीस वर्षांपूर्वी कोणास वीस हजार डॉलर मिळाले होते. आज ती रक्कम सुमारे २९ हजार धरली जाईल. गणिताच्या दृष्टीने महागाईचा विचार करणे चूक नाही. परंतु जी रक्कम अडचणीच्या दिवसांत घरभाड्यात किंवा औषधपाण्यात खर्च झाली, तिच्यावर चक्रवाढ लावली गेली, ही बोच पीडिताच्या मनात राहते.

सर्वांत कठीण क्षण स्वीकृतीचा असतो. देऊ केलेली रक्कम स्वीकारावी की नाही, हे ठरविण्यास सहा महिन्यांचा अवधी मिळतो. स्वीकारली तर त्या अत्याचाराबद्दल संस्थेवर दिवाणी दावा करण्याचा अधिकार कायमचा सोडावा लागतो. न्यायालयात अधिक मिळू शकेल, पण कदाचित काहीच मिळणार नाही, आणि त्यासाठी कित्येक वर्षे पुन्हा तेच आठवीत राहावे लागेल. येथे कमी मिळेल, पण निश्चित मिळेल. हा निर्णय योग्य सल्ल्याशिवाय घेतला जाऊ नये, म्हणून शासनाच्या खर्चाने निःशुल्क कायदेशीर मार्गदर्शनाची सोय केलेली आहे.

आणखी एक मोठा वर्ग बाहेरच राहिला. योजना लैंगिक अत्याचारापुरती आहे. ज्यांना अनाथालयात केवळ उपाशी ठेवले गेले किंवा अमानुष मारहाण झाली, त्यांच्यासाठी तिच्यात जागा नाही. अशा सर्वांची राष्ट्राच्या वतीने क्षमा पंतप्रधान केव्हिन रड यांनी १६ नोव्हेंबर २००९ रोजी मागितली होती. त्या शब्दांमागोमाग देशव्यापी भरपाई मात्र आली नाही. पश्चिम ऑस्ट्रेलिया राज्याची एक योजना होती. पण अर्ज मागविल्यानंतर तिची कमाल मर्यादा ८० हजारांवरून ४५ हजार डॉलरवर आणण्यात आली. दिलेला शब्द अर्ध्यावर आणल्याने आधीच विश्वासघात सोसलेल्या माणसांच्या पदरी पुन्हा तेच पडले.

आयर्लंडचा धडा

आयर्लंडने हा मार्ग त्याआधीच चोखाळला होता. पंतप्रधान बर्टी अहर्न यांनी मे १९९९ मध्ये क्षमा मागितली, २००२ मध्ये क्षतिपूर्ती मंडळाचा कायदा झाला आणि पंधरा हजारांहून अधिक लोकांना सरासरी सुमारे ६२ हजार युरो मिळाले. तेथे शारीरिक मारहाण व उपेक्षा यांचाही समावेश होता, ही जमेची बाजू. परंतु धर्मसंघांनी त्याच वर्षी रोख व मालमत्ता मिळून १२ कोटी ८० लाख युरो देण्याचे मान्य केले आणि त्या बदल्यात सरकारने त्यांना पुढील दाव्यांपासून संरक्षण दिले. प्रत्यक्ष खर्च एक अब्ज युरोंच्या पुष्कळ पुढे गेला आणि त्याचा मोठा भार सामान्य करदात्यांवर पडला. शिवाय अर्ज वा निवाड्याची अशी कोणतीही माहिती प्रसिद्ध करणे, जिच्यावरून त्यातील व्यक्ती किंवा संस्था ओळखता येईल, हा गुन्हा ठरविला गेला. बालपणी ज्यांना धाकाने गप्प बसविले, त्यांना उतारवयात कायद्याने गप्प बसविले, अशी अनेकांची भावना झाली.

संस्थांसाठी शिल्लक काय

ऑस्ट्रेलियातील योजनेत अर्ज करण्याची अखेरची तारीख ३० जून २०२७ आहे. तोवर वृद्धत्वाकडे झुकलेले अनेकजण अर्ज भरतील, आणि काही जण लेखणी हाती घेऊनही ठेवून देतील. ज्यांचे वय सत्तरच्या पुढे आहे त्यांना निकालाआधीच दहा हजार डॉलरची आगाऊ रक्कम मिळण्याची तरतूद २०२१ मध्ये करण्यात आली. कारण निर्णयाची वाट पाहता पाहता अर्जदारच निघून जात होते.

आयोगाच्या शिफारशींमध्ये एक अगदी साधी, कार्यालयीन वाटावी अशी शिफारस आहे. मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थांनी बाललैंगिक अत्याचाराशी संबंधित कागदपत्रे किमान ४५ वर्षे जतन करावीत. हा आकडा मनमानीने काढलेला नाही. मूल बोलण्यास किती वर्षे घेते, याचा विचार त्यामागे आहे. वसतिगृहाची हजेरी, खोल्यांची विभागणी, कर्मचाऱ्यांच्या नेमणुका व बदल्या, आलेली तक्रार आणि तिच्यावर काय केले याची नोंद, हे सारे कागद कपाटात सुरक्षित असतील, तर चाळीस वर्षांनी दार ठोठावणाऱ्या व्यक्तीला संस्था निदान एवढे म्हणू शकेल की, आपण येथे होता, आपले नाव या पानावर आहे, बसा, आम्ही ऐकतो.