गाडीत बदल केले आणि टेम्परेचर वाढलेलं दिसू लागलं. इंजिन खरंच तापतंय की मीटरच खोटं बोलतंय?

खंबाटकी घाट अर्धा चढून झालाय. मागे सगळं घर बसलंय, एसी सुरू आहे आणि मागच्याच महिन्यात हौसेनं बसवलेलं डिजिटल टेम्परेचर मीटर ११२ आकडा दाखवतंय. कंपनीचा काटा मात्र निवांत मध्यावर. विश्वास नक्की कुणावर ठेवायचा?

गंमत म्हणजे इथं दोघंही आपापल्या जागी बरोबर असू शकतात. कंपनीचा काटा मुद्दाम आळशी बनवलेला असतो. बऱ्याच गाड्यांमध्ये कुलंट साधारण ७५ ते १०५ अंशांच्या दरम्यान कुठंही असला तरी काटा मध्यावरच राहतो, कारण तो दर मिनिटाला वरखाली झाला तर गिऱ्हाईक घाबरून सर्व्हिस सेंटर गाठेल. थर्मोस्टॅट वॉल्व्हच मुळात ८२ ते ९२ अंशांच्या आसपास उघडायला लागतो. त्यामुळं ९० ते १०५ हा बहुतेक आधुनिक इंजिनांचा रोजचाच पट्टा आहे. फक्त तो आधी आपल्याला दिसत नव्हता. वेगळं मीटर लावलं किंवा ओबीडी पोर्टला ब्लूटूथ डोंगल जोडून मोबाईलवर आकडे बघायला लागलो, की पहिल्यांदा कळतं आणि पोटात गोळा येतो.

पण ११२ हा आकडा दुर्लक्ष करण्यासारखा नाही. म्हणून आधी आकडा खरा आहे का ते तपासायचं, मग इंजिनाकडं वळायचं. क्रम उलटा केला की वॉटर पंप, रेडिएटर, थर्मोस्टॅट सगळं बदलून होतं आणि शेवटी दोष एका वायरचा निघतो.

आकडा खोटा आहे हे कधीकधी आकडाच सांगतो. मोबाईलवर कुलंट टेम्परेचर उणे ४० दिसतंय? महाराष्ट्रात तरी हे शक्य नाही. ओबीडीमध्ये हे तापमान ० ते २५५ या आकड्यांत येतं आणि त्यातून ४० वजा केले जातात. बहुतेक गाड्यांमध्ये सेन्सरचा प्लग निघाला किंवा वायर तुटली की हा उणे ४० चा तळ दिसतो. सेन्सर गरम होतो तसा त्याचा विद्युत रोध कमी होत जातो. वायर तुटली म्हणजे रोध अमर्याद, म्हणजे ईसीयूच्या लेखी कडाक्याची थंडी. उलट वायर शॉर्ट झाली की एकदम १४० च्या वरचं काहीतरी दिसतं. अशा वेळी बऱ्याच गाड्यांचा ईसीयू सावधगिरी म्हणून रेडिएटरचा पंखा सतत फिरवत ठेवतो. चावी फिरवल्या फिरवल्या, इंजिन थंड असतानाच पंखा जोरात सुरू झाला, तर आधी तो प्लग बघा.

बाहेरून बसवलेल्या मीटरची कथा वेगळी. एकाच वायरचा सेन्सर असेल तर त्याचं अर्थिंग त्याच्या आट्यांमधूनच होतं. गळती नको म्हणून फिटर त्यावर टेफ्लॉन टेप गच्च गुंडाळतो आणि अर्थिंगच कच्चं राहतं. याची ओळख सोपी आहे : हेडलाइट लावले, पंखा सुरू झाला किंवा हॉर्न वाजवला की मीटर उडी मारतं. इंजिनाचं पाणी हॉर्न वाजवल्यानं तापत नाही! दुसरी गोष्ट म्हणजे सेन्सर बसवलाय कुठं. रेडिएटरमधून गार होऊन इंजिनाकडं परतणाऱ्या खालच्या पाइपवर बसवला असेल, तर इंजिनाजवळच्या सेन्सरपेक्षा तो बराच कमी आकडा दाखवणार. तिसरी गोष्ट, एका कंपनीचं मीटर आणि दुसरीचाच सेन्सर अशी जोडी लावली असेल तर आकड्यांना काही अर्थच उरत नाही.

यावरची सगळ्यात चांगली तपासणी फुकट आहे. गाडी रात्रभर उभी राहू द्या. सकाळी इंजिन सुरू न करता फक्त चावी ऑन करा आणि कुलंटचं तापमान, आत येणाऱ्या हवेचं तापमान आणि बाहेरचं तापमान बघा. तिन्ही आकडे जवळपास सारखे हवेत. हवा २४ आणि कुलंट ४१ दिसत असेल, तर तो सेन्सर किंवा त्याची वायरिंग गडबड करतेय. वेगळ्या मीटरचा सेन्सर काढता येत असेल तर तो उकळत्या पाण्यात धरून बघा (एका वायरचा असेल तर त्याच्या अंगाला अर्थिंगची वायर जोडून). पुण्याच्या उंचीवर पाणी साधारण ९८ अंशांना उकळतं, तेवढं दिसायला हवं. लेझरवाला इन्फ्रारेड थर्मामीटर वापरणार असाल तर चकचकीत अॅल्युमिनियमवर नेम धरू नका, तो खूप कमी दाखवतो. तिथं काळी चिकटपट्टी लावा आणि तिच्यावर मोजा.

आकडा खरा निघाला, तर पुढचा प्रश्न : तो कधी वाढतो?

सिग्नलला उभं राहिलं की वाढतो आणि रस्ता मोकळा झाला की उतरतो, याचा अर्थ हवा कमी पडतेय. पंखा, त्याचा रिले आणि त्याची वायरिंग बघा. हायवेला किंवा घाटातच वाढत असेल तर संशय गाळ धरलेल्या रेडिएटरवर, वॉटर पंपावर किंवा आपणच केलेल्या बदलांवर. ग्रिलसमोर बसवलेला एलईडी बार आणि जाडजूड गार्ड नेमकी रेडिएटरची हवा अडवतात. बुल बारवर तर केंद्रीय परिवहन मंत्रालयानं २०१७ मध्येच कारवाईचे आदेश दिलेत, ते वेगळंच. टर्बो इंजिनाचा ईसीयू रिमॅप करून ताकद वाढवली असेल तर उष्णताही वाढलीच, रेडिएटर मात्र तेवढाच राहिला.

आपल्याकडं सगळ्यात जास्त दिसणारा बदल म्हणजे सीएनजी किट. गाडी तापली की 'गॅसमुळं तापते' असं म्हणून लोक मोकळे होतात. माझ्या मते आधी पाइप बघावेत. टाकीत सुमारे २०० बार दाबानं भरलेला गॅस रिड्यूसरमध्ये दाब कमी होताना प्रचंड गार होतो. तो गोठू नये म्हणून रिड्यूसरमधून इंजिनाचं गरम कुलंट फिरवतात. त्यासाठी बऱ्याचदा हीटरच्या पाइपला टी मारलेला असतो. क्लिप सैल राहिली तर तिथून थेंबथेंब गळतं आणि किट बसवल्यावर हवा नीट काढली नसेल तर एअरलॉक होतो. खूण लक्षात ठेवा : काटा वर गेलाय, पण हीटर लावला तर गार हवा येतेय. म्हणजे कुलंट कमी आहे किंवा नीट फिरत नाहीये.

थंड दाखवणारं मीटरही बिनदोष नसतं. हायवेला तापमान ७० च्या खाली येत असेल तर थर्मोस्टॅट उघडाच अडकलाय किंवा कुणीतरी तो काढून फेकलाय. 'गाडी तापते ना, मग काढून टाका' हा आपल्याकडचा जुना इलाज. कार्ब्युरेटरच्या जमान्यात तो खपून गेला. आताचा ईसीयू मात्र इंजिन अजून गार आहे असं समजून जास्त पेट्रोल सोडतो, मायलेज पडतं आणि पी०१२८ हा कोड येऊन चेक इंजिनचा दिवा लागतो.

सगळ्यात धोक्याचं रीडिंग मात्र वेगळंच आहे. तापमान चढत चढत गेलं आणि अचानक खाली आलं, तर सुटकेचा निःश्वास टाकू नका. कुलंट संपून सेन्सर हवेत उघडा पडला की असं होऊ शकतं. आत इंजिन भाजत असतं आणि मीटर शांत असतं. अॅल्युमिनियमचं हेड अशा वेळी काही मिनिटांत वाकतं आणि हेड गॅस्केट जातं. मग थंड गाडी सुरू करताच पाइप दगडासारखा कडक होणं, कुलंटच्या टाकीत बुडबुडे, ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ थर ही लक्षणं दिसतात.

घाटात आकडा खरंच चढायला लागला तर एसी बंद, हीटर पूर्ण गरमवर, पंखा जोरात आणि सुरक्षित जागा दिसताच गाडी बाजूला. लाल दिवा लागला असेल किंवा वाफ निघत असेल तर इंजिन लगेच बंद करा. रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नका. ते साधारण १ बार दाब धरून ठेवतं, त्यामुळं आतलं पाणी १०० च्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब सुटतो आणि सगळं एका क्षणात उकळून तोंडावर येतं. अर्धा-पाऊण तास थांबा, वरचा पाइप हातानं सहज दाबता आला की मगच जाड फडकं धरून झाकण हळूहळू सोडा. तापलेल्या इंजिनावर गार पाण्याची बाटली ओतू नका. आणि मेकॅनिकला फोन कराल तेव्हा 'गाडी तापली' एवढंच सांगू नका. आकडा किती होता, चढावर की सिग्नलला, हीटरमधून गरम हवा येत होती का आणि गाडी पेट्रोलवर होती की गॅसवर, हेही सांगा.