कायदा कधीपासून?

उद्योगांच्या कायदेशीर अडचणींचा विषय निघाला की कायदे फार, परवाने फार, इन्स्पेक्टर फार, ही तक्रार ठरलेली असते. गेल्या दीडएक दशकातले मोठे खटले एकापाठोपाठ एक वाचले तर मात्र वेगळेच दुखणे समोर येते. कायदा कडक असला तर त्याचा खर्च हिशेबात धरता येतो. तो कोणत्या तारखेपासून लागू आहे हेच ठरत नसेल, तर हिशेब मांडायचा कशावर? कर, पर्यावरण आणि कामगार या तिन्ही क्षेत्रांत आपल्याकडे सर्वाधिक नुकसान या हलत्या तारखेने केले आहे, आणि ते सोसले मुख्यतः नियम पाळणाऱ्यांनी.

करापासून सुरुवात करू. 2007 मध्ये व्होडाफोनने हचिसन-एस्सारमधला 67 टक्के हिस्सा घेतला, पण व्यवहार झाला केमन बेटांवरच्या एका कंपनीच्या शेअरचा. आयकर खात्याने अकरा हजार कोटींहून अधिक कर मागितला. मुंबई उच्च न्यायालयाने 2010 मध्ये खात्याची बाजू उचलून धरली. 20 जानेवारी 2012 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. दोन महिन्यांच्या आत, 16 मार्चच्या अर्थसंकल्पात, तेव्हाचे अर्थमंत्री प्रणव मुखर्जींनी आयकर कायद्याच्या कलम 9 ला असे व्यवहार करपात्र ठरवणारे स्पष्टीकरण जोडले आणि ते 1 एप्रिल 1962 पासून लागू असल्याचे मानले जाईल, असे लिहिले. म्हणजे पन्नास वर्षे मागे. यावरचा आक्षेप वजनदार आहे: मालमत्ता भारतात, नफा भारतातला, मग परदेशी कागदाच्या आडून कर चुकवू द्यायचा का? अजिबात नाही. पण ती पळवाट बुजवायला पुढची तारीख पुरेशी होती. 2021 मध्ये संसदेने नेमके तेच केले. 28 मे 2012 नंतरच्या व्यवहारांना कर कायम ठेवला, आधीच्या व्यवहारांवरची मागणी सोडून दिली. तोवर व्होडाफोन आणि याच तरतुदीने कर लागलेली तेल कंपनी केर्न या दोन्ही प्रकरणांत भारत आंतरराष्ट्रीय लवादात हरला होता आणि पॅरिसमधल्या सरकारी मालमत्तांवर केर्नने न्यायालयाकडून टाच आणवली होती. वसूल केलेले सुमारे 8,100 कोटी रुपये बिनव्याजी परत करावे लागले. जो कर पुढच्या व्यवहारांवर सरळ मिळाला असता, त्यासाठी नऊ वर्षांची पत खर्ची पडली.

गोव्यातल्या खाणींची कथा याहून गुंतागुंतीची आहे, आणि अधिक वेदनादायक. पोर्तुगीज काळातल्या खाण-सवलतींचे 1987 च्या कायद्याने भाडेपट्ट्यांत रूपांतर झाले, तेही मागच्या तारखेने, 20 डिसेंबर 1961 पासून. पट्ट्यांची मुदत आणि पहिले नूतनीकरण धरूनही ते 22 नोव्हेंबर 2007 रोजी संपले होते. हे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले 21 एप्रिल 2014 रोजी. मधली पाच वर्षे, 2012 मध्ये बंदी येईपर्यंत, लाल माती उपसली गेली, निर्यात झाली, सरकारने स्वामित्वधनही घेतले, आणि ते सगळे खोदकाम बेकायदा ठरले. त्यानंतर राज्य सरकारने 88 पट्ट्यांचे पुन्हा नूतनीकरण केले. लिलाव सक्तीचा करणारा केंद्राचा अध्यादेश 12 जानेवारी 2015 रोजी आला. काही पट्ट्यांवरची नूतनीकरणाची तारीख तीच आहे. 7 फेब्रुवारी 2018 रोजी न्यायालयाने सर्व 88 रद्द केले आणि मार्चच्या मध्याला खाणी थांबल्या. खाणमालकांकडे वकील होते. डिचोली-सांग्यातल्या कर्ज काढून टिपर घेतलेल्या ट्रकवाल्याकडे, बार्जवाल्याकडे काय होते? त्यांच्या हलाखीचे खापर न्यायालयावर आणि पर्यावरणवाद्यांवर फोडले जाते, ते मला मान्य नाही. 2007 मध्येच मुदत संपल्याचे मान्य करून लिलाव झाला असता, तर हा खंड इतका क्रूर झाला नसता.

पर्यावरण मंजुरीत तारीख उलट्या बाजूने हलते. 2006 ची अधिसूचना सांगते, आधी मंजुरी, मग बांधकाम. मार्च 2017 मध्ये केंद्राने नियम मोडलेल्या प्रकल्पांना नंतर अर्ज करायला सहा महिन्यांची एकदाच खिडकी उघडली, आणि 2021 च्या कार्यालयीन ज्ञापनाने तिचा रस्ताच केला. मुंबईच्या ‘वनशक्ती’ संस्थेच्या याचिकेवर 16 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती ओक आणि भुयान यांनी दोन्ही रद्द केले; 18 नोव्हेंबरला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने दोन विरुद्ध एक मतांनी तो निकाल मागे घेतला. बहुमताचा युक्तिवाद असा, की सुमारे वीस हजार कोटींच्या सार्वजनिक पैशातून उभ्या राहिलेल्या वास्तू पाडायच्या का? प्रश्न खरा आहे. पण जनसुनावणी घेऊन, वर्ष-दोन वर्षे थांबून मंजुरी मिळवणाऱ्या कारखानदाराने या निकालातून काय समजायचे? इमारत पुरेशी उंच झाली की ती पाडणे महाग पडते, आणि महाग पडते म्हणून ती टिकते, हे तर्कशास्त्र एकदा मान्य झाले की थांबणारा स्पर्धेत मागेच पडणार. न्यायमूर्ती भुयान यांचे विरोधी मत मला म्हणूनच अधिक पटते.

कामगार कायद्यात तारीख मागे गेली नाही. ती आलीच नाही. चार नव्या कामगार संहितांपैकी वेतन संहिता 2019 ची, उरलेल्या तीन 2020 च्या. पगारपत्रकावर मूळ वेतन बारीक आणि ‘विशेष भत्ता’ जाडजूड, ही युक्ती सर्वांना ठाऊक आहे. भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी तिने कमी होत असत. संहितेतल्या वेतनाच्या नव्या व्याख्येनुसार वगळायचे भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाले, तर वरचा भाग वेतनातच धरायचा. हे कागदावर असताना पाच-सहा वर्षे कोणती कंपनी आपणहून पगाराची रचना बदलणार? ज्यांनी बदलली त्यांचा खर्च वाढला, शेजारच्या शेडमधल्याचा नाही. उद्योगांना तयारीला वेळ हवा होता, हे स्पष्टीकरण एका वर्षासाठी चालले असते. अखेर 21 नोव्हेंबर 2025 रोजी चारही संहिता अमलात आल्या, 29 जुने कायदे त्यांत विलीन झाले. नवे नियम मात्र त्या दिवशी अंतिम नव्हते, आणि मधल्या काळात जुन्या कायद्यांखालचेच संबंधित नियम चालू राहतील, असे सरकारला सांगावे लागले.