परसाकडून वॉशरूमकडे

‘शौच’ या शब्दाचा मूळ अर्थ शुद्धी. पतंजलींच्या योगसूत्रांतील पाच नियमांपैकी पहिला हाच. आज मात्र ‘शौचाला गेलेत’ हे ऐकून कुणाला योग आठवत नाही. ज्या क्रियेनंतर शुद्धी करायची, तिलाच शुद्धीचे नाव मिळाले. मला मौज वाटते ती ही, की इतर भाषांनीही हीच युक्ती केली. जुन्या मराठीतला ‘शेतखाना’ आपल्या कानाला शेतातला वाटतो; पण तो मूळचा ‘सेहतखाना’, म्हणजे आरोग्याचे घर. ‘टॉयलेट’ हे फ्रेंचांचे लहानसे फडके. शृंगाराच्या मेजावर ते अंथरत. पुढे ते शृंगाराचे, मग खोलीचे आणि शेवटी भांड्याचे नाव झाले. आता तेही उघडेवाघडे वाटते, म्हणून मॉलमध्ये ‘वॉशरूम’.

आपल्या घरगुती मराठीची तऱ्हा निराळी. तिच्यात खोली नाहीच, नुसती दिशा आहे: परसाकडे, बहिर्दिशेला. घरात जागाच नव्हती, तर नाव कशाचे ठेवणार? (सोबतचे टमरेल तेवढे इंग्रजी ‘टंबलर’वरून आले.) पण ‘परसाकडे’ म्हणायला आधी परसू असावे लागते. ज्यांना ते नव्हते त्यांना दुसऱ्याचा बांध किंवा गावाची हागणदारी. बायकांना तर तीही अंधारातच. एरवी संस्कृतात बोलणाऱ्या सरकारने ‘हागणदारीमुक्त गाव’ हा रोखठोक शब्द उचलला, हे माझ्या मते त्याच्या मराठीचे मोठेच धाडस.

पडदा नसलेले आणखी एक नाव शहरात होते: टोपलीचा संडास. खाली टोपली, आणि ती कुणीतरी रोज उचलायची. मुंबईच्या जुन्या इमारतींमधल्या अरुंद ‘हाऊस गल्ल्या’ सफाई कामगारांच्या याच ये-जा साठी राखलेल्या. घरातल्यांनी स्वतःच्या जाण्याला इतकी सोज्वळ नावे शोधली. उचलणाऱ्याला मात्र जातीच्याच नावाने हाक मारली. पुढे त्या कामाला ‘सफाई’ म्हणू लागले, म्हणजे पुन्हा शुद्धीच. कोरड्या संडासांची मैला-सफाई माणसांकडून करून घेण्याला १९९३च्या कायद्याने बंदी घातली. २०१३मध्ये त्यासाठी पुन्हा नवा कायदा करावा लागला.