गूळ गोड लागला नाही, तरी साखर चढतेच

भीमेच्या काठचं वडगाव रासाई हे उसाच्या पट्ट्यातलं गाव. अलीकडे शिरूर तालुका, नदी ओलांडली की दौंड. न्हावऱ्याचा घोडगंगा कारखाना, पाटसचा भीमा कारखाना आणि दौंडच्या अंगाला हंगामात रात्रंदिवस पेटलेली गुऱ्हाळं. आल्यागेल्याच्या हातावर गुळाचा खडा ठेवायचा, ही इकडची रीत. इथल्या माणसाला 'गोड बंद करा' असं सांगणं सोपं, त्यानं ते पाळणं फार अवघड. म्हणून तपासणीत मधुमेह निघाला की घरातलं किंवा भावकीतलं कुणीतरी हमखास सुचवतं, "बेडकीचा पाला खा, साखर मरते."

बेडकीचा पाला म्हणजेच गुडमार किंवा मधुनाशिनी. रुईच्या कुळातली ही वेल सह्याद्रीत आणि दख्खनच्या पानझडी जंगलांत झाडाझुडपांवर चढते. पानं समोरासमोर, हाताला लवदार, फुलं बारीक पिवळी. आयुर्वेदाचे बरेच अभ्यासक मेषशृंगी ही वनस्पती हीच मानतात. जीमनेमा सिल्वेस्ट्रे हे तिचं शास्त्रीय नाव. हल्ली तिचं रोप नर्सरीत मिळतं आणि भुकटी आयुर्वेदिक दुकानात.

हिरवं पान मिनिटभर नीट चावून जिभेवर घोळवावं, चोथा थुंकून टाकावा आणि मग साखरेची चिमूट तोंडात टाकावी. साखर वाळूसारखी कचकचते, गोडीचा मागमूस नसतो. मिठाचा खारटपणा आणि चिंचेचा आंबटपणा मात्र जागच्या जागी. भारतात नोकरीला असलेल्या एजवर्थ या वनस्पतीप्रेमी आयरिश अधिकाऱ्याला हे पान चावल्यावर चहातली साखर जाणवेना. त्याचं हे निरीक्षण 1847 मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटीपुढे मांडलं गेलं. पुढे 1887 मध्ये उटकमंडला सिंकोनावर काम करणाऱ्या डेव्हिड हूपर या रसायनतज्ज्ञानं पानातलं कार्यकारी द्रव्य वेगळं काढलं आणि त्याला जीमनेमिक आम्ल असं नाव दिलं. हे एकच रसायन नसून सॅपोनिन गटातल्या अनेक जवळच्या रसायनांचा तो समूह आहे, हे नंतर कळलं.

जिभेवर नेमकं काय घडतं, हे उलगडायला आणखी सव्वाशे वर्षं लागली. गोड चव ओळखणारा ग्राही टी1आर2 आणि टी1आर3 या दोन प्रथिनांच्या जोडीनं बनतो. जपानमधल्या संशोधकांनी 2014 मध्ये दाखवलं, की जीमनेमिक आम्ल यांतल्या टी1आर3 च्या पेशीपटलात रुतलेल्या भागाला जाऊन चिकटतं आणि ग्राही गप्प बसतो. हा परिणाम साधारण अर्धा ते एक तास टिकतो. गॅमा सायक्लोडेक्स्ट्रिन या पदार्थाच्या पाण्यानं चूळ भरली, की चिकटलेले रेणू सुटतात आणि गोडी लगेच परत येते. माणसाच्या आणि चिंपांझीच्या जिभेवर हे आम्ल चालतं, उंदराच्या जिभेवर फारसं नाही. उंदीर-घुशींची गोडी मारणारं गुरमारिन नावाचं वेगळंच प्रथिन याच पानात असतं. एका वेलीनं दोन तऱ्हेच्या जिभांसाठी दोन वेगळी रसायनं बाळगावीत, याचं मला फार नवल वाटतं.

आता मुद्द्याचं. गूळ गोड लागला नाही, म्हणजे तो रक्तात गेला नाही, असं होत नाही. चव बंद पडते ती जिभेवर. पोटात गेलेली साखर पचते आणि रक्तातली साखर वाढवतेच. पान खाऊन वर दोन पुरणपोळ्या हाणल्या तर नुकसान पुरणपोळीइतकंच. चवीच्या बाबतीत पानाचा खरा उपयोग इतकाच, की गोडाचा पुढचा घास नकोसा होतो. जीमनेमिक आम्लाची चघळायची गोळी दिल्यावर लोकांनी त्या बैठकीला गोड कमी खाल्लं, असं परदेशातल्या नियंत्रित प्रयोगांत दिसलं आहे. पण त्यासाठी रस जिभेला लागायला हवा. कॅप्सूल पाण्याबरोबर गिळून गोड खाण्याची हाव कशी कमी होणार? बाजारात मात्र हाव कमी करण्याचा आणि रक्तातली साखर उतरवण्याचा, असे दोन्ही दावे एकाच डबीवर छापलेले असतात.

रक्तातल्या साखरेवरच्या परिणामाचा शोध मुंबईतही झाला. इन्शुलिन हाती येऊन जेमतेम नऊ वर्षं झाली होती, तेव्हा 1930 मध्ये म्हसकर आणि फादर कायस या संशोधकांनी या वेलीवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. पान स्वतः साखर जाळत नाही, स्वादुपिंडाला चालना देऊन अप्रत्यक्षपणे साखर उतरवत असावं, असा त्यांचा निष्कर्ष होता. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर आणि बी. डी. बसू यांच्या भारतीय औषधी वनस्पतींवरच्या ग्रंथाची दुसरी आवृत्ती सुधारणाऱ्यांत हेच दोघे होते. मराठी वाचकांना ही नावं माहीत असायला हवीत.

पुढचं मोठं काम मद्रास विद्यापीठातलं, 1990 सालचं. टाइप 2 मधुमेहाच्या 22 रुग्णांना नेहमीच्या गोळ्यांबरोबर पानांचा अर्क रोज 400 मिलिग्रॅम, 18 ते 20 महिने दिला. साखर उतरली, बऱ्याच जणांच्या गोळ्या कमी झाल्या, पाच जणांच्या सुटल्या. आकडे आशा वाढवणारे आहेत. पण रुग्ण थोडे, त्यांची चिठ्ठ्या टाकून विभागणी केलेली नाही आणि कोणाला काय दिलं हे झाकलेलंही नाही. लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या संशोधकांनी अर्कानं मानवी स्वादुपिंडातल्या पेशींतून इन्शुलिन स्रवतं हे दाखवलं, तसंच काही अर्कांनी पेशींचं आवरणच सच्छिद्र होऊन इन्शुलिन गळतं, हेही प्रयोगशाळेत आढळलं. पहिलं औषध, दुसरी इजा. कुठल्या अर्कानं काय होईल, हे पानांच्या भुकटीच्या पुडीवरून कळत नाही.

मी झाडपाल्याच्या विरोधात नाही. मधुमेहात आज सर्रास दिली जाणारी मेटफॉर्मिन ही गोळी युरोपातल्या गलेगा नावाच्या रानझुडपाच्या अभ्यासातूनच पुढे आली. फरक इतकाच, की तिथं रसायन वेगळं काढलं, मात्रा ठरवली, दुष्परिणाम मोजले आणि 1957 मध्ये फ्रान्सच्या ज्याँ स्टर्न यांनी माणसांवरचे निष्कर्ष मांडले. गुडमारला ती वाट अजून पुरी चालायची आहे.

हा विषय शिरूरला परका नाही. भीमेच्याच वरच्या अंगाला वढू बुद्रुकला पुण्याच्या केईएम रुग्णालयाचं ग्रामीण केंद्र आहे. याच रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या 6 गावांतल्या आयांचा आणि बाळांचा अभ्यास केला. दिसायला किडकिडीत असलेल्या आपल्या बाळांच्या अंगात चरबीचं प्रमाण मात्र जास्त, हे त्यातून जगाला कळलं. अशी चरबी पुढे मधुमेहाचा धोका वाढवते. त्यामुळे 'मी बारीक आहे, शेतात राबतो, मला कसली साखर' हा भरवसा खोटा ठरतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात 10.1 कोटी मधुमेही आहेत.

तेव्हा पान चावून गोडाचा मोह आवरत असेल तर खुशाल आवरा. पण इन्शुलिन किंवा गोळ्या आपल्या मनानं बंद करू नका. गोळीबरोबर पाला घेतल्यानं साखर एकदम खाली येऊ शकते, मग घाम फुटतो, हातपाय थरथरतात, भोवळ येते. या वनस्पतीमुळे यकृताला सूज आल्याचीही नोंद वैद्यकीय नियतकालिकात आहे. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी ती टाळावी. घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका, पुडी सोबत नेऊन दाखवा आणि दर तीन महिन्यांनी एचबीए1सी, म्हणजे मधल्या काळातली सरासरी साखर, तपासून घ्या.