सेवाशुल्क कुणाच्या मर्जीचं?

साखळी रेस्टॉरंटमध्ये बडीशेपेबरोबर बिल येतं आणि जीएसटीच्या जरा वर ‘सेवाशुल्क १० टक्के’ अशी ओळ दिसते. अनेकांना तो सरकारी करच वाटतो. प्रत्यक्षात ती रक्कम मालकाच्या गल्ल्यात जाते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२मध्ये हे शुल्क बिलात आपोआप लावायला मनाई केली. मार्च २०२५मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती उचलून धरली. यामुळे वेटरच्या पोटावर पाय येईल, असं हॉटेलवाले म्हणतात. वेटरची काळजी रास्तच, पण पगार देणं मालकाचं काम. तो खर्च पदार्थांच्या दरात धरायला कुणाची आडकाठी नाही. शिवाय गार डोसा आणून आपटणाऱ्यालाही तेवढंच शुल्क मिळणार असेल, तर आपुलकीने वाढणाऱ्याचं मोल काय राहिलं? मनापासून टीप जरूर द्या. सक्तीची ओळ मात्र काढायला लावा. ऐकलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.